यिल्माचा राहिलेला घास

एका माणसाने दुसऱ्याला आपल्या हाताने घास भरवावा, यापेक्षा मोठा विश्वास या जगात नाही. याच विश्वासापायी आमच्या यिल्माचं आणि देमिस्सेचं बोलणं बंद होऊन दोन ईस्टर उलटले होते.

यिल्मा हा देमिस्सेच्या बहिणीचा नवरा. मर्कातोच्या बाजारात त्याचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि जगातल्या सगळ्या वस्तूंची तो दोनच भागांत वाटणी करतो: ओरिजिनल आणि बाकीच्या. देमिस्सेने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. आता निवृत्त आहे, पण समोरच्याला नकाशा वाचता येत नाही असं धरूनच अजून बोलतो. मी दोघांचाही कॉलेजपासूनचा मित्र. अशा माणसाला अदिस अबाबात मध्यस्थ म्हणतात, म्हणजे दोन्ही घरांना ज्याच्यावर चिडता येतं असा माणूस.

भांडणाचं मूळ असं. त्या ईस्टरच्या दुपारी देमिस्सेच्या घरी सगळा गोतावळा एका ताटाभोवती बसला होता. मोठा उपवास संपलेला. ताटभर इंजेरा पसरलेला आणि त्याच्या मधोमध दोरो, म्हणजे कांद्यात आणि तिखटात तासन्‌तास रटरटलेली कोंबडी, तिच्यात अख्खी उकडलेली अंडी. यजमान म्हणून देमिस्सेने त्या आंबूस, जाळीदार भाकरीचा तुकडा तोडला, त्यात मांस घेतलं, अंडं घेतलं, रस्सा टिपला आणि असा घास वळला की तो आत जाताना यिल्माच्या डोळ्यांतून पाणी आलं. इथवर उत्तम. घासाच्या आकारावरून माया मोजतात, आणि तो आकार बघून यिल्माच्या बायकोलाही भरून आलं होतं. यिल्माने घास कसाबसा गिळला आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात देमिस्सेचा फोन वाजला. तो उठून दाराबाहेर गेला, शाळेच्या मुख्याध्यापकांना सणाच्या शुभेच्छा दिल्या, परत येऊन बसला, आणि पुढचा घास वळून आपल्या साडूला भरवला.

यिल्माचं तोंड उघडंच होतं.

आमच्याकडे एक घास भरवून कुणी थांबत नाही. तीन भरवावेत. निदान दोन तरी भरवावेतच. एकच भरवणं म्हणजे 'पुन्हा या दारात येऊ नकोस' हे तोंडाने न बोलता सांगणं, आणि हे न कळण्याइतकं लहान मूल आमच्या घरांत नसतं. यिल्माने तोंड मिटलं, हात धुतले, टोपी घातली आणि निघून गेला.

"विसरलो मी," देमिस्से नंतर मला म्हणाला. "माणूस विसरतो. आणि तो एक घास बघितलास ना? दुसऱ्या कुठल्याही घरात त्याचे तीन झाले असते."

"विसरला?" यिल्मा म्हणाला. "साडूला बरा नाही विसरला. मी तिथे आ वासून बसलोय, समोर माझी सासू, आणि तो घास माझ्या नाकासमोरून पलीकडे गेला. वास आला मला त्याचा."

यावर दोन वर्षं गेली. मधल्या काळात दोघांच्या नात्यात एक बारशाची मेजवानी, एक मयत आणि यिल्माचं पोटाचं ऑपरेशन होऊन गेलं. ऑपरेशनच्या वेळी देमिस्से दवाखान्यात गेला होता, पण यिल्मा गुंगीत आहे याची नर्सकडून आधी खात्री करून घेऊनच.

मग एके दिवशी यिल्माची बायको, म्हणजे देमिस्सेची धाकटी बहीण शेवाये, माझ्या घरी आली. माझ्या बायकोने कॉफी केली, आमच्या रिवाजाप्रमाणे तीन कपांची. पहिल्या कपाला शेवाये हवापाण्याचं बोलली, दुसऱ्या कपाला रडली आणि तिसऱ्या कपाला तिने हुकूम सोडला.

"गाशे," ती म्हणाली. मी तिच्यापेक्षा वयाने मोठा, म्हणून गाशे. "आमच्या हिरुतचं लग्न ईस्टरनंतरच्या रविवारी आहे. पोरगी म्हणते, आशीर्वादासाठी मामाच्या गुडघ्यांना ओठ लावल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही. मामा म्हणतो, यिल्मा बोलवायला आल्याशिवाय येणार नाही. हा म्हणतो, दुसरा घास मिळाल्याशिवाय बोलवणार नाही. मी कुणाला घास भरवू आणि कुणाच्या तोंडात मारू, तेवढं सांगा."

"शेवाये, हे असं एकदम..."

"माझ्या मरणाची शपथ आहे तुम्हाला."

या शपथेवर आमच्याकडे लोक पोट भरलेलं असताना आणखी एक ताट जेवतात. मी दोन हट्टी म्हाताऱ्यांना समजवायला निघालो.

यानंतर ज्या वाटाघाटी झाल्या, तशा वाटाघाटींवर परराष्ट्र खात्यातली माणसं निवृत्त होतात. देमिस्से दुसरा घास द्यायला तयार झाला, पण स्वतःच्या घरी नाही, कारण तिथे दिला तर चूक त्याची होती असं ठरेल. यिल्माच्या घरी नाही, कारण तिथे तो पाहुणा, आणि पाहुण्याने आधी यजमानाला भरवायचं म्हणजे काय. घास दोरोचाच हवा, असं यिल्माने बजावलं. पहिला दोरोचा होता, तर दुसरा डाळीचा कसा चालेल? इंजिन एका कंपनीचं आणि पिस्टन दुसऱ्या कंपनीचा, अशी जोडी त्याने कधी विकली नव्हती. आणि अंडं हवं. देमिस्सेने अंडं मान्य केलं, पण आकार आपण ठरवणार, असं म्हणाला.

जागा शेवटी मीच सुचवली. अरात किलो भागात एतेते झेनेबेचचं हॉटेल आहे. एतेते म्हणजे ताई, पण ती आता सत्तरीची आहे आणि तिची गिऱ्हाइकंही तिला एतेतेच म्हणतात. कॉलेजात असताना आम्ही तिघं तिथेच एका ताटात जेवायचो आणि ताटातल्या अंड्यावरून भांडायचो. ती जागा कुणाच्याच घरची नव्हती आणि तिघांच्याही घरची होती. दिवस रविवारचा ठरला. त्याला इलाज नव्हता. सोमवारपासून मोठा उपवास लागत होता. एकदा तो लागला की ईस्टरपर्यंत कोंबडी नाही, अंडं नाही, लोणी नाही, आणि ईस्टर झाला की आठवड्यात लग्न; मामाला आमंत्रण त्याच्या कितीतरी आधी गेलेलं हवं. त्या रविवारी दुपारी घास पडला नाही तर हिरुतचा मामा तिच्या लग्नाला येत नव्हता, इतकं ते साधं होतं.

ठरल्याप्रमाणे यिल्मा रस्त्याच्या एका बाजूने आला आणि देमिस्से दुसऱ्या बाजूने. मी मधोमध उभा होतो. दोघांनी आपापल्या बाजूने माझ्या खांद्याला खांदा लावून मला नमस्कार केला आणि एकमेकांकडे न बघता आत गेले.

आत गेल्यावर मला वाटलं, आपण शेजारच्या दारात शिरलो.

भिंती पांढऱ्या झाल्या होत्या. पूर्वी दारातच कुणीतरी चंबू आणि तस्त घेऊन यायचं आणि हातांवर पाणी घालायचं. आता टेबलावर ओल्या कागदाची पुडी होती, ती फाडायची. ज्या विणलेल्या टोपल्यांवर ताट ठेवून आमची अख्खी पिढी जेवली, त्यांची टोकदार झाकणं छताला उलटी टांगली होती आणि त्यांच्यात दिवे लावले होते. आणि ताटं, ती मोठी, कडांना टवके उडालेली एनॅमलची ताटं, ओळीने भिंतीवर स्क्रूने बसवली होती. प्रत्येकाखाली एक पितळी पट्टी. मी चष्मा लावून एक वाचली. 'पारंपरिक भोजनपात्र'.

"हाब्तामू," यिल्मा मला म्हणाला, "त्याला विचार, जागा हीच ठरली होती का."

"त्याला सांग, जागा हीच आहे," देमिस्से म्हणाला. "अक्षांश-रेखांश तेच आहेत. बाकीचं मला माहीत नाही."

फिकिर्ते आली. ती इथे कित्येक वर्षं जेवण वाढते आहे. आमच्या पोटांचा तिला आमच्या बायकांपेक्षा जास्त अंदाज. मी म्हटलं, तिघांत मिळून एक दोरो आण, अंडी जास्त घाल. ती काही न बोलता गेली आणि थोड्या वेळाने तीन ताटल्या घेऊन आली.

ताटल्या चौकोनी होत्या. प्रत्येकीत एक कोंबडीचा तुकडा, एका बाजूला पळीभर रस्सा, दुसऱ्या बाजूला इंजेराच्या दोन सुरळ्या, जणू कुणी कचेरीतले नकाशे गुंडाळून ठेवावेत. आणि अर्धं अंडं. तुकड्याच्या डोक्यावर एक हिरवं पान होतं. ते खायचं नसतं, असं मागाहून कळलं. शेजारी काटा आणि सुरी.

"ताट कुठे आहे?" मी विचारलं.

"हे काय, गाशे. प्रत्येकाला आपापलं," फिकिर्ते म्हणाली. हे म्हणताना ती टेबलाच्या पायाकडे बघत होती.

"मी तिघांत एक म्हटलं होतं."

"आता तसं मिळत नाही."

"आणि उरलेलं अर्धं अंडं?"

"ते दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या ताटलीत."

यिल्माने ते अर्धं अंडं काट्याने उलटून बघितलं. मग म्हणाला, "हाब्तामू, मी अख्ख्यावर सही केली होती."

वातावरण बिघडायच्या आत काम उरकावं, असा विचार देमिस्सेने केला असावा. माणूस मनाने वाईट नाही. त्याने बाह्या सरसावल्या, स्वतःच्या ताटलीतली सुरळी उलगडली, तुकडा तोडला, मांस सोडवलं, अर्धं अंडं कुस्करलं आणि घास वळून हात यिल्माच्या दिशेने नेला. यिल्माने तोंड उघडलं नाही.

"थांबव त्याला," तो मला म्हणाला. "ती ताटली त्याची आहे."

"मग?"

"एका ताटातलं सगळं दोघांचं असतं. त्यातलं चांगलं वेचून त्याने आधी मला दिलं, तर तो घास. स्वतःच्या ताटलीतलं उचलून दिलं तर त्याला भीक म्हणतात. ती मला घ्यायचीच असेल तर मी चर्चच्या दारात जाऊन बसेन. तिथे निदान ऊन तरी असतं."

"त्याला विचार, मी हात असा किती वेळ धरू," देमिस्से म्हणाला. त्याच्या मनगटावरून रस्सा शर्टाच्या बाहीकडे निघाला होता.

मी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. माझ्या डोळ्यांपुढे हिरुत आली, शेवाये आली, आणि शेवायेचा तिसरा कप आला. तेवढ्यात देमिस्सेने हात खाली आणला आणि तो घास आपल्या ताटलीत ठेवून दिला.

"बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "हा घास होत नाही."

दोन वर्षांत एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे समेट होऊ शकत नाही ही होती.

मी मालकाला बोलवायला सांगितलं. झेनेबेच येईल या आशेने बोलवलं होतं. आला तिचा भाचा नाहोम. हा मुलगा अमेरिकेत बरीच वर्षं राहून, तिथे हॉटेलधंद्याचं काहीतरी शिकून नुकताच परतला होता. पांढरा शर्ट, हसरा चेहरा. त्याचा राग यावा असं त्याच्या वागण्यात काहीही नव्हतं. तेच फार कठीण जात होतं.

"गाशे, जेवण कसं आहे?"

"जेवण ठीक आहे. आम्हाला एक ताट दे."

"कॉन्सेप्ट बदललाय ना आपण," तो समजुतीने म्हणाला. "इंडिव्हिज्युअल प्लेटिंग. हायजीनचा प्रश्न असतो. शिवाय एका ताटात कोण किती खातं त्याचा हिशेब लागत नाही. कुणावर तरी अन्याय होतोच."

"अन्याय व्हावा म्हणूनच तर एका ताटात जेवतात, बाळ," देमिस्से म्हणाला. "माझ्या बाजूचं अंडं मी त्याच्या बाजूला सरकवलं, तर माझ्यावर अन्याय होतो. तो मला करून घ्यायचा असतो."

"खूप सुंदर विचार आहे, गाशे. हा मी मेन्यूवर टाकू शकतो का?"

"भिंतीवर इतकी ताटं आहेत," मी म्हटलं. "त्यातलं एक काढ आणि धुऊन आण. स्क्रू काढायला हा माणूस मदत करेल, त्याचा धंदाच तो आहे."

"ती डेकोर आहेत." नाहोमला आमची खरोखर दया आली असावी. "एकत्र ताट मिळतं तसं. पण ते कल्चरल पॅकेजमध्ये. आगाऊ बुकिंग लागतं, निदान सहा माणसं, आणि त्याबरोबर नाच असतो."

"आम्हाला नाच नको."

"नाच काढता येत नाही, गाशे. पॅकेज आहे."

मग त्याने हाताने कोपऱ्यातलं टेबल दाखवलं, आणि आम्ही तिघांनी तिकडे बघितलं. तिथे एक विणलेली टोपली होती, झाकणासकट, खरीखुरी. तिच्यावर एक ताट होतं, हातभर रुंद, इंजेराने झाकलेलं, मधोमध दोरो आणि दोरोत अख्खी अंडी. भोवती सहा गोरे परदेशी पाहुणे. टोपलीला कार्ड टांगलं होतं: 'गुर्शा एक्स्पीरियन्स'. गुर्शा म्हणजे घास. आमचा. तो इथे आता अनुभव झाला होता.

मी शांत माणूस आहे. शिक्षणाने माणसाला राग गिळायची सवय लागते, आणि मला ती पुष्कळ आहे. पण मी त्या टेबलाकडे बघत राहिलो आणि मला वाटलं, हे बरोबर नाही. आमच्या शहरात, आमच्या हॉटेलात, आमच्या उपवासाच्या आदल्या दिवशी, एकाच ताटात जेवायला माणसाने परदेशी असावं लागतं. आम्हाला ताटली, काटा आणि पान. आमच्या आज्यांनी विणलेली झाकणं डोक्यावर उलटी टांगून त्यांच्या उजेडात आम्ही आपापला पोर्शन संपवायचा आणि कोपऱ्यात आमचं जेवण दुसरे कसे जेवतात ते बघायचं. तेही फुकट, नाचाशिवाय. कुणी आमच्यावर राज्य केलं नाही, असं आम्ही प्रत्येक भाषणात सांगतो. करायची गरजच पडली नाही, असं मला तेव्हा वाटलं. त्यासाठी आमचा स्वतःचा भाचा होता.

पाहुण्यांतली एक बाई हसत हसत घास वळत होती. तो नीट वळला जात नव्हता, पण तिने मनापासून प्रयत्न केला आणि शेजारच्या नवऱ्याच्या तोंडात घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढला. मग तिने हात पुसले आणि पाण्याचा पेला उचलला.

"एकच दिला," यिल्मा म्हणाला.

"एकच," देमिस्से म्हणाला.

"आता काही खरं नाही त्यांचं."

"बिचारा हसतोय अजून."

हे बोलणं माझ्यामार्फत झालं नाही, हे त्या दोघांच्या एकदमच लक्षात आलं, आणि दोघेही आपापल्या ताटलीकडे बघू लागले. अशा वेळी मध्यस्थाने बोलू नये, एवढं मी त्या वाटाघाटींत शिकलो होतो.

"तुझी मावशी कुठे आहे?" मी नाहोमला विचारलं.

"मागे आहे. आराम करते. हा सगळा स्ट्रेस तिला नको."

मी उठलो. ते दोघेही उठले. स्वयंपाकघराच्या बाजूच्या बोळातून आम्ही मागच्या अंगणात गेलो, कारण ते हॉटेल नाहोमपेक्षा आम्हाला जास्त माहीत होतं.

मागे काही बदललं नव्हतं. पत्र्याखाली कोळशाच्या शेगड्या, भिंतीशी कांद्याची पोती, आणि मधोमध बुटक्या स्टुलांवर झेनेबेच, तीन स्वयंपाकिणी आणि फाटकावरचा पहारेकरी, असे एका ताटाभोवती बसले होते. ताटाच्या कडेचा टवका मी ओळखला. दोरोच्या भांड्यातला तळचा, दाट, काळपट रस्सा त्यांनी इंजेरावर ओतला होता. उद्यापासून उपवास, म्हणून सगळं संपवायचं होतं.

आम्हाला बघताच सगळे एका सुरात म्हणाले, "या, जेवायला."

हे म्हणावंच लागतं. जेवताना समोर कुणीही आलं, अगदी वसुलीला आलेला माणूस असला, तरी म्हणावं लागतं. आणि आलेल्याने एकदा तरी नको म्हणावं लागतं. आम्ही म्हणालो.

"नको काय," झेनेबेच म्हणाली. "तिकडे पान खाऊन आलात की काय?"

"एतेते, तू हे चालू दिलंस कसं?" देमिस्सेने विचारलं.

"मी कशाला देऊ? मी आराम करतेय," ती म्हणाली. "माझ्या भाच्याने मला सांगितलंय. सकाळपासून चाळीस कांदे चिरले आराम करता करता. बस खाली. तू पण बस, यिल्मा. तुम्ही दोघं अजून तसेच का?"

यिल्माने सगळं सांगितलं. देमिस्सेने मध्येमध्ये दुरुस्त्या केल्या. फोन, साडू, उघडं तोंड. स्वयंपाकिणींनी जेवण थांबवून ऐकलं. उघड्या तोंडापाशी एकीने तोंडावर ओढणी धरली. यिल्माला वाटलं ती हळहळली.

"आता या ताटातला घास चालेल का?" मी विचारलं. "की हे ताट तुमचं, म्हणून आम्ही पाहुणे, म्हणून पुन्हा भीक?"

"मी या म्हटलं, तू बसलास, म्हणजे ताट तुझं," झेनेबेच म्हणाली. "एवढं शिकलास आणि हे विचारतोस? आणि यिल्मा, दोन वर्षं तोंड मिटून बसलास ना? आता उघड."

ताटाच्या मधोमध एक अंडं होतं. अख्खं. पहारेकऱ्याने ते स्वतःसाठी बाजूला ओढून ठेवलं होतं, हे त्याच्या समोरच्या रश्शाच्या रेघेवरून कळत होतं. त्याने ते एका बोटाने देमिस्सेकडे सरकवलं आणि दुसरीकडे बघायला लागला.

देमिस्सेने हात धुतले. खऱ्या पाण्याने, चंबूतून, एका स्वयंपाकिणीने ओतलेल्या. मग त्याने इंजेरा तोडला. मांस थोडंच उरलं होतं, ते हाडापासून सोडवलं. अंडं घेतलं. सगळा काळा रस्सा टिपला. मग त्याने घास वळला.

"एवढा मोठा?" यिल्मा म्हणाला. हे तो देमिस्सेला म्हणाला.

"दोन वर्षांचं व्याज," देमिस्से म्हणाला. "तोंड उघड, माझ्या मरणाची शपथ."

यिल्माने तोंड उघडलं. घास आत गेला, पूर्ण नाही, पण देमिस्सेने अंगठ्याने उरलेला ढकलला. यिल्माच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

आणि देमिस्सेचा फोन वाजला.

फोन शर्टाच्या खिशात होता आणि वाजत होता. देमिस्सेचे दोन्ही हात रश्शाने भरलेले. त्याने खिशाकडे बघितलं, आणि यिल्माने त्याला तसं बघताना बघितलं. यिल्माला बोलता येत नव्हतं. तो चावतही नव्हता. त्याने हात पुढे केला, देमिस्सेच्या खिशातून फोन काढला, बंद केला आणि माझ्या मांडीवर टाकला. मग पुन्हा चावायला लागला.

देमिस्सेने तिसरा घास वळला. हा लहान होता, प्रेमाने लहान. यिल्माने तो घेतला, गिळला, हात धुतले आणि देमिस्सेला एक, दोन, तीन असे भरवले, मोजून, मोठ्याने. शेवटच्या घासाबरोबर तो म्हणाला, "ईस्टरनंतरच्या रविवारी पोरीचं लग्न आहे. ये."

"येतो की," देमिस्से भरल्या तोंडाने म्हणाला. "माझी भाची आहे."

फोन शेवायेचा होता. झालं का, एवढं विचारायला केलेला.

एक स्वयंपाकीण डोळे पुसत होती. कांद्याच्या पोत्यांशेजारी बसलं की तसं होतं. मीसुद्धा त्याच पोत्यांशेजारी बसलो होतो.

मग बोळाच्या तोंडाशी नाहोम दिसला. तो किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याचा फोन आमच्या दिशेने रोखलेला होता.

"गाशे, हे अप्रतिम होतं," तो म्हणाला. "इतकं ऑथेंटिक. पाहुण्यांसमोर एकदा परत कराल? ते भांडण आणि मग घास. रडणं तर फारच छान. पॅकेजमध्ये आपण हे रोज..."

आम्हाला राग यावा असं त्याला काही म्हणायचं नव्हतं. आमच्यासाठी चांगलंच करायचं होतं. मला आजवर ज्या ज्या गोष्टींचा संताप आला, त्या बहुतेक कुणीतरी आमच्या चांगल्यासाठी केलेल्या होत्या. मी उत्तर शोधत होतो. नेमकं, सुसंस्कृत, जिव्हारी लागेल असं. अशी उत्तरं मला घरी गेल्यावर सुचतात.

यिल्माला शब्द शोधावे लागत नाहीत. तो वाकला आणि ताटात जे काही उरलं होतं, रस्सा, हाडालगतचं मांस, कडेचा भिजलेला इंजेरा, ते सगळं गोळा करून एक घास वळला. इतका मोठा घास मी कुठल्या लग्नातही बघितला नाही.

"ये पोरा," तो नाहोमला म्हणाला. "तू जेवला नसशील."

"अरे, माझ्यासाठी?" नाहोम खरोखर हरखला. तो खाली वाकला, तोंड उघडलं, आणि यिल्माने घास भरवला. नाहोमचे गाल फुगले. डोळे भरून आले. तो एका हाताने छाती धरून चावत राहिला, आणि चावता चावता फोन स्वतःकडे वळवून स्वतःचं चित्रण करत राहिला.

यिल्माने हात धुतले. देमिस्सेने हात धुतले. झेनेबेचने ताट उचललं. स्वयंपाकिणी शेगड्यांकडे वळल्या, पहारेकरी फाटकाकडे गेला. कुणीही दुसरा घास वळला नाही.

नाहोमने शेवटी गिळलं. "थँक्यू, गाशे," तो म्हणाला. "खूप मोठा सन्मान आहे हा."

"असू दे, असू दे," यिल्मा म्हणाला, आणि देमिस्सेच्या खांद्यावर हात टाकून बोळातून बाहेर पडला.

ईस्टरनंतरच्या रविवारी देमिस्से भाचीच्या लग्नाला आला. सर्वांत आधी आला. हिरुतने त्याच्या गुडघ्यांना ओठ लावले तेव्हा तो रडला, आणि तिथे कांद्याची पोती नव्हती. आशीर्वाद देताना त्याने जरा लांबण लावली, दोन नद्या आणि एक पर्वतरांग मध्ये आणली, पण यिल्माने तेही ऐकून घेतलं.

मग जेवण होतं. बुफे होता, शेवायेने तो महिनाभर आधीच ठरवला होता. आम्ही तिघं रांगेत उभे राहिलो आणि आपापली प्लेट घेतली. केटरिंग नाहोमचं होतं.